कमी सामानात सण : ७० दिवसांच्या प्रकल्प नोंदी

व्याप्ती : तीन घरं, एकमेकांना भेटवस्तू देणारी आठ माणसं, सणाच्या दिवशी जेवायला चोवीस. सजावटीचं सामान सध्या चार खोक्यांत. सणाची तारीख १५ नोव्हेंबर धरली आहे. तुमचा सण ज्या तारखेला असेल तिथून उलटे दिवस मोजा; प्रत्येक नोंदीपुढे उरलेले दिवस त्यासाठीच दिले आहेत.

६ सप्टेंबर (७० दिवस)

चारही खोकी जमिनीवर रिकामी केली. एका खोक्याचं माप ४०×३०×२५ सेंमी, म्हणजे ३० लिटर. चार मिळून १२०. हिशेब नगांवर न ठेवता जागेवर ठेवला, कारण नग फसवतात. पन्नास कागदी चांदण्या एका पाकिटात बसतात आणि तारेच्या सांगाड्याचा एक गोळा अर्धं खोकं अडवतो. लक्ष्य : सगळी सजावट एका खोक्यात.

तीन ढीग केले. गेल्या सणात लावलेलं, न लावलेलं पण धड असलेलं, आणि मोडलेलं. मधला ढीग सगळ्यात मोठा निघाला. तो मोठा होतो कारण खरेदी आधी होते आणि खोकं नंतर उघडतं. हीच मोजणी सणाच्या आदल्या आठवड्यात केली तर एकही वस्तू बाहेर जात नाही. त्या आठवड्यात फुटकी घंटासुद्धा 'लागेल कुठेतरी' वाटते.

७ सप्टेंबर (६९ दिवस)

द्यायचं ते आजच दिलं. सजावट हवी असणाऱ्याला ती सणाआधी हवी असते. सणानंतर मिळाली तर ती वर्षभर त्याच्या माळ्यावर पडते. देण्याआधी माळ दहा मिनिटं लावून बघायची, खेळाचे भाग मोजून आकडा पिशवीवर लिहायचा. मोडलेलं कुणाला देऊ नये, तो नुसता पत्ता बदललेला कचरा.

चमकी लावलेला सगळा माल बाद. ही चमकी बहुतेक वेळा पीईटी प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर देऊन बारीक कापलेली असते. ती कागदावर असली की कागद रद्दीच्या कामाचा राहत नाही, आणि झाडून कधीच पूर्ण निघत नाही. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर १७ ऑक्टोबर २०२३ पासून बंदी घातली आहे. बाद माल बंद पिशवीत सुक्या कचऱ्यात. जाळायचा नाही.

१३ सप्टेंबर (६३ दिवस)

माळा. चार जुन्या, बारीक तापदिव्यांच्या (आतली तार तापून उजळणारे जुने बल्ब), दोन एलईडी. शंभर बारीक तापदिव्यांची माळ साधारण ४० वॉट घेते, शंभर एलईडींची ५ ते ७ वॉट. रोज ६ तास, २० दिवस धरले तर १२० तास : जुनीला ४.८ युनिट, ५ वॉटच्या एलईडीला ०.६. फरक एका माळेमागे चार युनिटांच्या आसपास. एवढ्यासाठी चालू माळ फेकून नवी आणणं या प्रकल्पात बसत नाही. जुनी माळ मरेपर्यंत वापरावी, मेल्यावर एलईडी घ्यावी. अट एकच : तापदिवे गरम होतात, त्यामुळे त्यांच्याजवळ कागद किंवा कापड येता कामा नये. काचेच्या खिडकीला लावायच्या.

जुन्या माळेत दिवे एकापुढे एक, एकसरीत असतात. एक दिवा सैल झाला तरी अख्खा गट विझतो. प्लग काढायचा, चालू असल्याची खात्री असलेला एक दिवा घ्यायचा आणि गटातल्या प्रत्येक जागी तो लावून बघायचा. दर वेळी दिवा बदलताना प्लग बाहेर. चारपैकी दोन अशाच सुरू झाल्या. उरलेल्या दोघींच्या तारेचं आवरण कडक होऊन तडकलं होतं, त्या बाद. बाद करताना आधी प्लग कापून टाकला, नाहीतर कचऱ्यातून उचलून कुणीतरी ती भिंतीत लावतं. भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या एलईडी माळेचा डबा उघडायचा नाही.

एलईडींपैकी एक यूएसबीवर चालणारी, ५ व्होल्टची, तांब्याच्या केसासारख्या तारेची. तिचे शेवटचे २२ दिवे बंद. अशा माळेत दिवे समांतर असतात : एक दिवा गेला तर तोच विझतो. एका जागेपासून पुढचे सगळे विझले असतील तर तार तुटली आहे, आणि ती शेवटच्या पेटत्या दिव्याच्या आणि पहिल्या विझलेल्या दिव्याच्या मधेच तुटलेली असते. तेवढी बोटभर जागा तपासली की पुरे.

दुरुस्ती फसते ती इनॅमलमुळे. तार उघडी दिसते, पण तिच्यावर पारदर्शक थर असतो आणि तो वीज जाऊ देत नाही. न खरवडता टोकं पिळली तर दिवे लागत नाहीत, आणि माणूस माळ मेली असं समजून फेकतो. पायरीने : माळ वीजपुरवठ्यापासून सोडवा, दोन्ही टोकांचा १ सेंमी भाग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने लालसर चकाकेपर्यंत घासा, पिळा, सोल्डरचा डाग द्या, वर उष्णतेने आकसणारी नळी किंवा इन्सुलेशन टेप. दोन्ही तारा तुटल्या असतील तर दोन जोड एकमेकांपासून २ सेंमी पुढेमागे घ्या. शेजारी आले की चिकटून शॉर्ट होतात.

दुसऱ्या एलईडी माळेच्या सेलच्या डबीत पांढरी बुरशी दिसली. बुरशी नव्हे : अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा पांढरा थर होतो. हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर व्हिनेगरचे चार थेंब. फसफस थांबली की पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग पत्री घासायची. पत्री खाऊन आरपार गेली असेल तर डबी संपली. बटन सेलवर वाजणारी दोन शुभेच्छापत्रंही सापडली. लहान मूल असलेल्या घरात ती ठेवू नयेत. गिळलेला बटन सेल अन्ननलिका दोन तासांतही भाजतो. सेल काढून, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात.

२० सप्टेंबर (५६ दिवस)

भेटींचा हिशेब. आठ जणांनी प्रत्येकाला काहीतरी द्यायचं म्हटलं तर ८×७ = ५६ वस्तू. प्रत्येकाने एकालाच द्यायचं तर ८. इतकी घट दुसरी कुठलीच युक्ती देत नाही. सजावटीत महिनाभर घाम गाळूनही देत नाही.

मात्र डब्यात चिठ्ठ्या टाकून उचलायची पद्धत कामाची नाही. कुणाच्या तरी हातात स्वतःचीच चिठ्ठी येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के, आणि माणसं सहा असोत की साठ, हा आकडा जवळपास तोच राहतो. त्यात 'एकाच घरातल्या दोघांनी एकमेकांना द्यायचं नाही' ही अट घातली की चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा परत टाकाव्या लागतात, आणि तोवर कुणाची कुणाकडे होती ते सगळ्यांना कळलेलं असतं.

त्याऐवजी सरकवणी. घरांतली माणसं अनुक्रमे ३, ३ आणि २. घराघराने नावं एका ओळीत लिहायची, घराच्या आतला क्रम तेवढा चिठ्ठ्यांनी ठरवायचा : क१ क२ क३ ख१ ख२ ख३ ग१ ग२. आता सगळ्यात मोठ्या घरात जितकी माणसं (इथे ३) तितक्या जागा ओळीत पुढे मोजायच्या. क१ देणार ख१ला, क२ ख२ला, क३ ख३ला, ख१ ग१ला, ख२ ग२ला, आणि ओळ संपली की पुन्हा सुरुवातीपासून : ख३ देणार क१ला, ग१ क२ला, ग२ क३ला. एकदाही स्वतःचं नाव नाही, एकदाही स्वतःचं घर नाही. एका घरात निम्म्यापेक्षा जास्त माणसं असतील तर ही किंवा दुसरी कुठलीही पद्धत चालणार नाही. आठात पाच एकाच घरची असली तर त्यांना द्यायला बाहेर तिघंच उरतात. तेव्हा घराची अट सोडायची.

प्रत्येकाने आपल्या नावाखाली तीन ओळी भरायच्या : वापरून संपेल असं काय हवं, दुरुस्त करून हवं असं काय आहे, काय नको. सगळ्यात उपयोगी ओळ तिसरी. 'हवं'च्या ओळीत माणसं भिडेपोटी काहीही लिहितात. 'नको'च्या ओळीत 'कॉफीचे मग नकोत, नऊ आहेत' असं खरं लिहितात.

वेळेची भेट (मुलं सांभाळणं, सायकल दुरुस्त करून देणं) चालेल, पण कागदावर तारीख आणि तास हवेत. 'कधीही सांग' असं लिहिलेला कागद कुणी वापरत नाही. मागणाऱ्याला संकोच होतो.

४ ऑक्टोबर (४२ दिवस)

पाहुण्यांना निरोप. खरेदी सुरू व्हायच्या आत गेला पाहिजे. 'काही आणू नका' हे वाक्य निरुपयोगी : ते शिष्टाचार म्हणून ऐकलं जातं आणि माणसं हमखास काहीतरी घेऊन येतात, तेही घाईत घेतलेलं. काय आणायचं ते सांगितलं तरच हात रिकामे वाटत नाहीत. पाठवलेला मजकूर :

'नमस्कार. १५ नोव्हेंबरला दुपारी १२ वाजता जेवायला नक्की या. येताना झाकणाचा एक रिकामा डबा आणा, उरलेलं सोबत द्यायचं आहे. यंदा भेटवस्तूंची देवाणघेवाण ठेवलेली नाही. हातभार लावायचा असेल तर वाढणं, भांडी किंवा मुलांचे खेळ यापैकी एक काम निवडून कळवा.'

वडीलधाऱ्यांना हा मजकूर पाठवला नाही, फोन केला. लिहून आलं की त्यांना नियम लावल्यासारखं वाटतं.

११ ऑक्टोबर (३५ दिवस)

भेटी बांधायला कापड. चौकोनी कापडात वस्तू गाठीने बांधायची जपानमधली पद्धत, फुरोशिकी, इथे सरळ उचलली आहे. न चिकटपट्टी, न कात्री, आणि कापड परत येतं.

कापडाचं माप : खोक्याची लांबी अधिक उंची, त्याची दुप्पट, अधिक गाठीला ३० सेंमी. हा झाला कापडाचा कर्ण. त्याला ०.७ने गुणलं की बाजू. २५×१८×८ सेंमी खोक्यासाठी (२५+८)×२+३० = ९६, बाजू साधारण ६७; म्हणजे ७० सेंमीचं कापड. १५×१०×५ सेंमीला ५० पुरतं. कापड कमी पडलं तर गाठीची टोकं बोटाएवढी उरतात आणि दुसरा वेढा बसतच नाही.

एकेरी जुनी चादर, १५० × २२५ सेंमी : आडवे दोन, उभे तीन असे ७३ सेंमीचे सहा तुकडे निघतात. प्रत्येक कडेला १.५ सेंमी दुमडपट्टीत गेलं की ७० उरतात. चादर उजेडासमोर धरायची. मधला भाग विरलेला असेल तर ते तुकडे हलक्या वस्तूंना. नवं सुती कापड आधी धुवून आटवायचं, जुन्याला गरज नाही. कडक किंवा खळ दिलेलं कापड घेऊ नये, गाठ उकलते.

बांधणी : कापड शंकरपाळ्यासारखं तिरकं पसरायचं, खोकं मधोमध, लांबी डावी-उजवी. जवळचं टोक खोक्यावर घेऊन खाली खुपसायचं, समोरचं टोक त्यावरून. मग डावं-उजवं टोक वर आणून गाठ. इथेच चुकतं. पहिल्या वेढ्याला जे टोक वर होतं, दुसऱ्या वेढ्यालाही तेच वर हवं. बरोबर गाठीची टोकं आडवी, खोक्याच्या लांबीला समांतर पडतात; चुकलेल्या गाठीची टोकं उभी, खालीवर होतात आणि ती गाठ हिंदकळली की सुटते. आठपैकी तीन पहिल्या फेरीत चुकल्या, आणि टोकांची दिशा बघूनच ओळखता आल्या. सोडताना गाठ ओढायची नाही : एक टोक उलट दिशेला सरळ ताणायचं, दुसऱ्याचा वेढा त्यावरून अलगद सरकतो.

आठ जणांतली कापडं फिरतीवर राहतात. बाहेरच्यांकडे नेताना देणाऱ्याने स्वतः सोडून वस्तू हातात द्यावी आणि कापड घडी करून परत आणावं.

१८ ऑक्टोबर (२८ दिवस)

कागद. घरात पडून असलेल्या आवरणांची चुरगळ-परीक्षा : मुठीत घट्ट चुरगळून सोडायचं. चुरगळलेलाच राहिला तर कागद, उलगडत पुन्हा फुलला तर प्लास्टिकचा थर. कागद माळेला, प्लास्टिक असेपर्यंत डब्याच्या आत गुंडाळायला.

खळ : ३० ग्रॅम मैदा, १५० मिली पाणी. मैदा आधी ५० मिली गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही; उरलेलं १०० मिली उकळवून त्यात ही पेस्ट धार धरून ओतायची, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळत पारदर्शक होईपर्यंत. कोरड्या मैद्यावर उकळतं पाणी ओतलं तर गुठळ्या ठरलेल्या : बाहेरचा स्टार्च लगेच फुगतो आणि आतला मैदा कोरडाच कोंडला जातो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्यायची. चिकटपट्टीपेक्षा खळ बरी, कारण सण झाल्यावर अख्खी माळ रद्दीत जाऊ शकते.

साखळीमाळ : एका बाजूने वापरलेले ए-४ कागद आडवे कापून २१×२.५ सेंमीच्या पट्ट्या, एका कागदाच्या अकरा. कागदाला कापडासारखीच उभी-आडवी वीण असते. बहुतेक ए-४ मध्ये ती लांबीच्या दिशेने धावते. आडव्या कापलेल्या पट्टीत ती रुंदीला येते, म्हणून पट्टी गोल वळते. लांबीच्या दिशेने कापलेली पट्टी कोपरे पाडत मोडते. वीण कुठली ते फाडून कळतं : ज्या दिशेने सरळ फाटेल ती.

पाच मीटरला ७५ कड्या, म्हणजे सात कागद. खळ पातळ, फक्त १.५ सेंमी जोडावर, वर चिमटा दहा मिनिटं. जास्त लावली की कागद सुरकुततो. साखळी दोन मीटरपेक्षा जास्त अधांतरी ठेवायची नाही. खिळ्याजवळची कडीच पहिली फाटते. गरज पडल्यास आतून सुती दोरा ओवायचा. आणि साखळी मिटवली की पाच मीटरचा बोटभर गठ्ठा होतो. आता सजावट निवडायची कसोटी एकच : मिटून सपाट होते का?

२५ ऑक्टोबर (२१ दिवस)

मेणबत्त्यांची थोटकं वितळवली. उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, तापत गेलं तर पेट घेतं. जुन्या वाती गाळून काढल्या, सुती वात ओतताना काडीला बांधून मधोमध धरली. वापरताना वात ६ मिमी ठेवायची, लांब वात काजळी धरते. जाड मेणबत्ती पहिल्यांदा पेटवली की दर २.५ सेंमी व्यासाला एक तास जळू द्यायची. आधी विझवली तर मधे भोक पडत जातं आणि कडेचं मेण वाया.

१ नोव्हेंबर (१४ दिवस)

चोवीस माणसं, प्रत्येकी ताट, वाटी, पेला, चमचा : ९६ नग. दोन फेऱ्यांत बसवलं तर ४८ पुरतात. मधे अर्धा तास, एक धुणारा, एक पुसणारा. अडतं ते पेल्यांवर, कारण माणूस पेला कुठेतरी ठेवतो आणि दुसरा घेतो. पेल्याला रंगीत दोरा, प्रत्येकाचा वेगळा. कागदी पेल्यांचा पर्याय बाद : आतून प्लास्टिकचा थर असतो, रद्दीत जात नाहीत. उसनी भांडी आणली तर मालकाप्रमाणे दोऱ्याचा रंग आणि नग दारामागच्या कागदावर.

८ नोव्हेंबर (७ दिवस)

आजपासून न संपणाऱ्या वस्तूंची खरेदी बंद. अडगळ या सात दिवसांत घरात येते. एक, 'अचानक कुणी आलं तर' म्हणून घेतलेल्या जादा भेटी : त्यासाठी तीन मेणबत्त्या कापडात बांधून ठेवल्या, नाही लागल्या तर घरात जळतील. दोन, सजावट अपुरी वाटणं. ती दुपारी बघू नये, दिवे लावून रात्री बघावी. तरी विरळ वाटली तर वाढवू नये, एकत्र आणावी : पाच खोल्यांत पसरलेलं ३० लिटर सामान दरिद्री दिसतं, एका कोपऱ्यात भरगच्च.

१४ नोव्हेंबर (१ दिवस)

टांगणी. दुहेरी चिकटपट्टी निघताना रंगाचा पापुद्रा आणते, म्हणून असलेले खिळे आणि पडद्याचे दांडे एवढेच आधार. तापदिव्यांच्या माळा खिडकीला, साखळी समोरच्या भिंतीला.

१५ नोव्हेंबर

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तास, त्याहून जास्त नाही. घड्याळाचा गजर लावला होता. डबे चोवीसात सतरा आले. सात जण विसरले, पुढच्या वेळी आदल्या दिवशी आठवण. ठरवल्याशिवाय चार वस्तू आल्याच. त्या नाकारल्या नाहीत.

२२ नोव्हेंबर (७ दिवस नंतर)

भरणी. सेल काढले. माळा २०×१५ सेंमी पुठ्ठ्यावर, कडेला खाचा पाडून गुंडाळल्या. कोपरावर गुंडाळलेल्या तारेला पीळ बसतो आणि ती तिथेच तुटते. खळ लावलेल्या कागदाला कसर लागते, म्हणून साखळ्या दोन दिवस वाळवून बंद पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या.

सगळं बसलं, तारेचा गोळा सोडून. तो सरळ करून दुमडता येतो का पाहिलं. जोड डागलेले, नाही येत. बाहेर.

झाकणाच्या आतून यादी चिकटवली : वस्तू, लावली की नाही, दुरुस्ती. दोन सण ओळीने 'नाही' आलं की ती वस्तू जाईल. यादीच्या वर मोठ्या अक्षरात : उघडायची तारीख ६ सप्टेंबर.